उंच गच्ची कोणाची: सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका स्वतंत्र नेटवर्कचा प्रकरण अभ्यास

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाचे छोटे कारखाने आणि विडी कामगारांची घरं एकमेकांना चिकटून आहेत. खाली माग, वर मालकाचं घर, मागच्या गल्लीत पत्र्याच्या खोल्या आणि त्या खोल्यांत सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. या भागातले काही यंत्रमाग कारखानदार आणि विडी कामगार बायकांचा एक बचत गट यांनी मिळून एक प्रश्न पुढे आणला: इंटरनेट बंद पडलं तरी चालत राहील असं आपलं स्वतःचं काही उभं करता येईल का? माझं काम रेडिओ आणि नेटवर्कचं. आराखडा करायला बसलेल्या मोजक्या मंडळींत मी होतो. त्या आराखड्यात काय ठेवलं, काय सोडलं आणि का सोडलं, त्याची ही नोंद.

प्रश्न उगाच निघाला नव्हता. रस्ता खोदताना फायबर तुटली की गल्लीचं ब्रॉडबँड बंद. वीज जास्त वेळ गेली की मोबाइल टॉवरची बॅटरी संपते आणि सिग्नलही जातो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वेळी, मंदिराच्या आसपास फोन लागणं किती कठीण असतं ते सोलापूरकराला सांगायला नको. पण सगळ्यात मोठी चिडचिड पाण्याची होती. या शहरात वर्षानुवर्षं काही दिवसांआड पाणी येतं. कोणत्या भागात, किती वाजता, हा निरोप व्हॉट्सॅपवर फिरतो. नेट नसलेल्या रात्री निरोप चुकला की पुढची पाळी येईपर्यंत घर कोरडं.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठामपणे मांडतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. पर्यायी नेटवर्कचा आराखडा करताना प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायचे नियम, निवडण्याआधी उंची, वीज आणि मोकळा वेळ कोणाकडे आहे ते बघावं लागतं. कागदावर नेटवर्क कितीही विकेंद्रित असलं तरी प्रत्यक्षात ते या तीन गोष्टी ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडे झुकतं. हा झुकाव थोपवायचा असेल तर त्याची किंमत वेगात, पैशात आणि सोयीत मोजावी लागते.

मागण्या आणि त्यांचा क्रम

पहिल्या बैठकीत निघालेल्या मागण्या अशा: फुकट हवं, कायम चालू हवं, फोटो जायला हवेत, आवाज जायला हवा, कोणाला बंद करता येऊ नये, कोणाला चोरून वाचता येऊ नये आणि पुण्या-मुंबईपर्यंत पोचावं. यातली प्रत्येक मागणी रास्त आहे. सगळ्या एकाच वेळी पुऱ्या करणारं नेटवर्क मात्र अस्तित्वात नाही. खुद्द इंटरनेटही तसं नाही. त्याच्या मूळ आराखड्यामागचा विचार तो घडवणाऱ्यांपैकी एक असलेल्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८८ च्या एका निबंधात मांडला आहे. वेगवेगळी नेटवर्कं एकमेकांना जोडणं हे मुख्य उद्दिष्ट सांगून त्याखाली ते सात उद्दिष्टं क्रमानं देतात. सगळ्यात वर आहे मधली काही यंत्रं वा दुवे निकामी झाले तरी संभाषण चालू राहणं. सगळ्यात तळाशी आहे कोणी किती साधनं वापरली याचा हिशेब. क्लार्क म्हणतात की हा क्रम लष्करी गरजेतून आला. व्यापारी गरजेतून आला असता तर हिशेब बराच वर सरकला असता आणि नेटवर्क वेगळंच घडलं असतं. आज इंटरनेटवर फसवणूक करणारा सापडत नाही म्हणून आपण वैतागतो, त्याचं एक मूळ त्या यादीच्या तळाशी आहे.

आम्हीही क्रम लावायचं ठरवलं. दिवसभरात नक्की कोणते निरोप येतात-जातात ते आधी विचारलं. पाणी कधी येणार. वीज कधी येणार. बीम (मागावरचा ताण्याचा रूळ) संपलं. सूत आलं. विड्या जमा करायला कधी यायचं. रेशन दुकान उघडलं. सिव्हिलमध्ये रक्त हवंय. बहुतेक निरोप दोन-चार शब्दांत मावणारे. मोठे असे दोनच प्रकार: चादर-टॉवेलच्या डिझाइनचे फोटो आणि बायकांचे आवाजी निरोप, तेही बरेचसे तेलुगूत.

असाच अनुभव वारणानगरलाही आलेला आहे. तिथे १९९८ मध्ये ऊस उत्पादकांसाठी गावोगावी संगणक केंद्रं उभारली गेली. पुढे मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या संशोधकांनी पाहिलं तेव्हा तिथला मुख्य वापर ऊस आणि कारखान्याशी असलेल्या व्यवहाराच्या माहितीपुरता होता. काही गावांत त्यांनी संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस आणला आणि काम भागलं. मोठं बांधण्याआधी छोटं किती पुरतं ते पाहावं, हे आम्ही तिथून घेतलं.

शेवटी ठरलेला क्रम असा. पाण्याचा, विजेचा आणि जिवावरचा निरोप वीज नसतानाही पोचला पाहिजे, हे पहिलं. तो लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळला पाहिजे, हे दुसरं. मालकाला कामगाराचं आणि कामगाराला मालकाचं खाजगी बोलणं वाचता येऊ नये, हे तिसरं. मग खर्च, मग फोटो आणि सगळ्यात शेवटी वेग. ‘कोणाला बंद करता येऊ नये’ ही मागणी आम्ही यादीतून काढली. सरकारी आदेशाला बगल देणं हा इथे कोणाचाच हेतू नव्हता आणि लपून चालणाऱ्या नेटवर्कची किंमत फार असते: अँटेना उघड्यावर लावता येत नाही, दुरुस्तीला कोणाला बोलावता येत नाही, नवा माणूस जोडताना त्याच्यावर संशय घ्यावा लागतो. उघड चालणारं नेटवर्क गल्लीला जास्त उपयोगाचं.

एका वाक्याचं वजन

पहिल्या उद्दिष्टासाठी लोरा हे तंत्र पुढे आलं. कमी वीज, लांब पल्ला, अतिशय मंद वेग. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. हौशी रेडिओचा मार्गही होता. तिथे जास्त शक्ती वापरता येते, पण परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, धंद्याचे निरोप चालत नाहीत आणि सांकेतिक भाषा वापरता येत नाही. सूत आल्याचा निरोप हा धंद्याचाच आणि खाजगीपणा आमच्या यादीत तिसरा. तो मार्ग तिथेच संपला.

लोराची गंमत अशी की वेग कमी केला की पल्ला वाढतो. १२५ किलोहर्ट्झच्या वाहिनीवर सगळ्यात जलद बसवणुकीत सेकंदाला साधारण ५,५०० बिट जातात आणि सगळ्यात मंद बसवणुकीत जेमतेम २९३. एका पाकिटात, म्हणजे एका वेळी पाठवायच्या तुकड्यात, साधारण २३० बाइट मावतात. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हे पुष्कळ वाटेल. आपल्या लिप्यांना मात्र ते अपुरं पडतं, कारण युनिकोडच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. तेलुगू आणि कन्नडचंही तसंच. उर्दूला दोन बाइट.

‘उद्या पहाटे चार वाजता पाणी येणार’ हे वाक्य घ्या. मोकळ्या जागा धरून त्यात ३२ चिन्हं आहेत आणि ती ८६ बाइट होतात. तेच रोमन लिपीत लिहिलं तर ३३ बाइट. मंद बसवणुकीत नुसत्या मजकुरापुरता पहिल्याला हवेत सव्वादोन सेकंदांहून जास्त वेळ लागतो, दुसऱ्याला एक सेकंदही नाही. आणि हा वेळ प्रत्येक टप्प्यावर पुन्हा द्यायचा असतो, कारण वाटेतली प्रत्येक रेडिओ पेटी निरोप ऐकते आणि तोच पुन्हा बोलते. तीन टप्पे असतील तर वेळ तिप्पट आणि तेवढा वेळ त्या वाहिनीवर बाकी सगळे गप्प.

इस्की नावाचं भारतीय मानक १९९१ पासून आहे. त्यात भारतीय लिप्यांच्या एका चिन्हाला एकच बाइट लागतो. ते वापरलं असतं तर वरचं वाक्य ३२ बाइटमध्ये बसलं असतं. पण आजचा कुठलाही फोन इस्की सरळ दाखवत नाही. प्रत्येक टोकाला रूपांतर करावं लागतं आणि एका टोकाला आवृत्ती चुकली की पडद्यावर कचरा दिसतो. शिवाय जिला निरोप कळायला हवा ती बाई मुळात वाचतच नसेल तर बाइट वाचवून काय साधलं?

इथे आवाजाचा प्रश्न आला. बचत गटातल्या बऱ्याच बायका फोनवर टाइप करत नाहीत. माइकचं बटण दाबून बोलतात. आवाज दाबून लहान करणारं कोडेक-२ नावाचं मुक्त तंत्र आहे. सेकंदाला १,२०० बिटमध्ये ते बोलणं कळण्याइतपत पोचवतं. दहा सेकंदांचा निरोप म्हणजे १२,००० बिट. लोराच्या मंद बसवणुकीत तो एकदा पाठवायला ४१ सेकंद लागतात. तीन टप्पे म्हणजे दोन मिनिटं आणि तोवर पाण्याचा निरोप रांगेत. आवाज आणि पल्ला यांतलं एकच घेता येत होतं.

तोडगा जुन्या तारेच्या पद्धतीतून निघाला. आपल्याकडची तार सेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. त्यात शुभेच्छांच्या वाक्यांना क्रमांक होते: पाठवणारा क्रमांक सांगायचा, तारेतून क्रमांक जायचा, पलीकडे पूर्ण वाक्य उमटायचं. आम्ही नेहमीच्या निरोपांची यादी केली आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. हवेतून फक्त क्रमांक, भाग आणि वेळ जाते. सगळं मिळून मूठभर बाइट. घरातली पेटी तिच्यात आधीच भरून ठेवलेल्या आवाजात मराठी, तेलुगू, कन्नड किंवा उर्दूत निरोप बोलून दाखवते. तेलुगू आवाज गटातल्याच एका अक्कांचा आहे आणि तो गल्लीत ओळखीचा असल्यामुळे लोक कान देतात. यात आम्ही काय गमावलं तेही लिहून ठेवतो: यादीत नसलेली गोष्ट या वाटेनं सांगता येत नाही. माणसाला मोकळं बोलायचं असतं आणि हे नेटवर्क त्याला आधी ठरवलेल्या चौकटीत बसवतं. ही मर्यादा मला अजूनही टोचते. पण मध्यरात्री, वीज नसताना, न वाचणाऱ्या बाईपर्यंत तिच्या भाषेत पाण्याची वेळ पोचवायची दुसरी वाट त्या वेगात बसत नव्हती.

मागाच्या शेडमध्ये पेटीचा आवाज ऐकूच येत नाही. तिथे कामगार एकमेकांशी खुणांनी बोलतात. म्हणून शेडमध्ये दिवे लावले: निळा पाण्याचा, पिवळा विजेचा, लाल तातडीचा.

उंचीचं राजकारण

फोटो आणि मोकळे आवाजी निरोप यांसाठी दुसरा थर लागणार होता: ५ गिगाहर्ट्झचे वायफाय दुवे, गच्चीवरून गच्चीवर. या पट्ट्याचा मोठा भाग भारतात २०१८ च्या ऑक्टोबरपासून विनापरवाना आहे. पण या लहरींना मधे अडथळा चालत नाही. दोन किलोमीटरच्या दुव्याला ५.८ गिगाहर्ट्झवर मध्यावर साधारण पाच मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते. तिचा निदान साठ टक्के भाग रिकामा हवा. लोराला तेवढ्याच अंतरावर तेरा मीटर लागतात, पण त्या लांब लहरी अडथळ्याला थोड्या वळसा घालून जातात आणि वेग कमी असल्यामुळे क्षीण सिग्नलवरही भागतं.

सोलापूर सपाट आहे. टेकडी नाही, डोंगर नाही. उंची मिळते ती माणसानं बांधलेलीच. जुन्या गिरण्यांच्या चिमण्या हे एके काळी या शहराचं आकाश होतं. होटगी रस्त्यावरच्या साखर कारखान्याची सहवीज प्रकल्पाची चिमणी विमानसेवेच्या आड येते म्हणून २०२३ मध्ये पाडली गेली, ते सगळ्यांनी पाहिलं. त्या दिशेला उंच खांब उभा करायचा विचार आम्ही केलाच नाही. उरल्या गच्च्या. आणि पूर्व भागात उंच गच्ची म्हणजे कारखानदाराची गच्ची. कामगाराच्या डोक्यावर पत्रा असतो.

या ठिकाणी विकेंद्रित जाळीचा मोह होतो. प्रत्येक घरात एक पेटी, प्रत्येक पेटी शेजारच्या पेटीशी जोडलेली, कोणी मुख्य नाही. ऐकायला हे सगळ्यात न्याय्य वाटतं. पण रेडिओची जाळी मोठी होत गेली की प्रत्येकाच्या वाट्याला येणारी क्षमता घटते. गुप्ता आणि कुमार या दोन संशोधकांनी २००० साली हे गणितानं दाखवलं: घरं शंभरपट झाली तर दर घराचा वाटा दहापटीहून जास्त खाली येतो. एकाच वाहिनीवर मधे एक पेटी आली की वेग साधारण निम्मा होतो हे तर कोणीही दोन राउटर घेऊन पाहू शकतो. स्पेनमधल्या कॅटलोनियातलं गिफी नेट हे लोकांनीच उभारलेलं नेटवर्क २००४ मध्ये सुरू झालं आणि तीस हजारांहून जास्त ठिकाणी पोचलं. तेही निव्वळ घर ते घर अशा जाळीवर चालत नाही. मोक्याच्या उंच ठिकाणी मोठी केंद्रं आहेत आणि घरं त्यांना जोडलेली आहेत. ज्याला कोणी मुख्य नको असतो त्यालाही भौतिकशास्त्र मुख्य ठिकाण निवडायला लावतं.

आमच्या पहिल्या आराखड्यात तीन उंच गच्च्या होत्या. तिन्ही कारखानदारांच्या. तिघांनी आनंदानं परवानगी दिली होती, वीजही देऊ केली होती. बैठकीत हे मांडलं तेव्हा त्याच अक्का म्हणाल्या, “सर, पेटी मालकाच्या गच्चीवर. लाईट मालकाची. किल्ली मालकाची. मग आमचं बोलणं मालकाला कळणार नाही कशावरून?”

मी त्यांना टोकापासून टोकापर्यंतचं कूटलेखन समजावलं. निरोप तुमच्या फोनमध्ये बंद होतो, पलीकडच्या फोनमध्येच उघडतो, मधल्या पेटीला आतलं काही दिसत नाही. ते खरं आहे. पण अक्कांचा प्रश्न त्याहून खोल होता आणि त्यांनी तो लगेच विचारला: आत काय लिहिलंय ते सोडा, कोण कोणाशी बोललं ते तर दिसेल की ओ? दिसतं. मजुरीच्या बोलणीच्या आदल्या रात्री एका शेडचे सगळे कामगार एकमेकांना निरोप पाठवतात एवढं कळलं तरी मालकाला पुरे. आणि बोलणी फिसकटली तर प्लग काढायला किती वेळ लागतो?

या एका प्रश्नानं आराखडा बदलला. आधी, कामगारांचे खाजगी छोटे निरोप लोराच्या थरावर आणले. तिथे पेटी प्रत्येक निरोप सगळ्यांना ऐकवते, पण ज्याच्या फोनमध्ये त्या निरोपाची डिजिटल किल्ली आहे त्यालाच तो उघडतो. त्यामुळे कोणासाठी होता ते मधल्याला कळत नाही. किंमत अशी की एका माणसासाठीचा निरोप सगळ्यांची हवा व्यापतो, म्हणून खाजगी निरोपांची लांबी आणि दिवसाची संख्या बांधून द्यावी लागली. मग, कुठल्याही घराचा रस्ता एकाच गच्चीवर अवलंबून राहणार नाही असं ठरवलं. दोन गच्च्या कारखानदारांच्या ठेवल्या, तिसरी एका मंडळाच्या सभागृहाची घेतली. ती ठेंगणी आहे. तिथून एका बाजूच्या घरांना वायफायचा दुवा मिळतच नाही. त्यांना लोरावर भागवावं लागतं. एका कारखानदारांनी मला बाजूला घेऊन विचारलं की चांगली उंच गच्ची सोडून ही का? त्यांचा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. दहा घरांचा वेग कमी करून आम्ही सगळ्या घरांचा विश्वास विकत घेतला होता आणि मला तो सौदा आजही स्वस्त वाटतो.

विजेचं गणितही याच दिशेला गेलं. गच्चीवरचा वायफायचा संच साधारण दहा वॅट खातो. यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी ८४ वॅट-अवरची. ती टिकवायची तर निम्मीच वापरावी. म्हणजे चार तास. लोराची पेटी अर्ध्या वॅटच्या आसपास घेते; तीच बॅटरी तिला तीन दिवसांहून जास्त पुरते. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्र्याखाली ठेवलेल्या बॅटरीचं आयुष्य भराभर घटतं, म्हणून पेट्या भिंतीच्या सावलीत, पत्र्यापासून लांब बसवल्या.

नावं

नावांचा प्रश्न छोटा दिसतो, पण त्यावर पुष्कळ डोकी खर्ची पडली आहेत. संगणक सुरक्षेवर काम करणारे झुको विल्कॉक्स यांनी २००१ मध्ये मांडलं की नाव माणसाला लक्षात राहणारं, सुरक्षित आणि मध्यवर्ती नोंदवहीशिवाय चालणारं, असं तिन्ही एकदम करणं अवघड. सहसा दोन मिळतात, तिसरं सोडावं लागतं. इंटरनेटनं मध्यवर्ती नोंदवही पत्करली. किल्लीतून पत्ता काढणाऱ्या नव्या नेटवर्कांनी लक्षात राहण्याची सोय सोडली.

पूर्व भागात व्यंकटेश आणि लक्ष्मी किती असतील याचा हिशेब नको. सगळ्या घरांची एक यादी करायची तर ती कोणाकडे ठेवायची, हा पुन्हा गच्चीचाच प्रश्न. आम्ही यादी केलीच नाही. दोघांनी समोरासमोर फोन धरून एकमेकांची खूण घ्यायची आणि आपापल्या फोनमध्ये हवं ते नाव द्यायचं. ‘कोपऱ्यावरची लक्ष्मक्का’ हे नाव एकाच फोनमध्ये असतं आणि तिथे ते पुरतं. न भेटलेल्या माणसाला निरोप पाठवता येत नाही. बहुतेकांना हे अडलं नाही.

सगळ्यांना ओरडून सांगायचा हक्क

इथे मात्र आम्ही मोकळेपणा जाणूनबुजून सोडला आणि त्याच्या कारणाचा याच जिल्ह्याशी संबंध आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे, त्यांतले बरेचसे आमच्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. अफवा व्हॉट्सॅपवरून पसरलेल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. पाच जीव गेल्यावर.

मालक नसलेल्या, कूटलेखन असलेल्या, प्रत्येकाला सगळ्यांशी बोलू देणाऱ्या नेटवर्कमध्ये अशी अफवा थांबवायला कोणीच नसतं. स्वातंत्र्याच्या बाजूनं बोलणारे मित्र मला सांगतात की निरोप थांबवायची सोय ठेवली की उद्या ती सत्तेच्या हाती जाते. त्यांची भीती खरी आहे. तरीही आम्ही ठरवलं: खाजगी बोलणं पूर्ण बंद पाकिटात, त्यात कोणी डोकावणार नाही, पण पूर्ण भागाला एकदम निरोप द्यायचा असेल तर तो क्रमांकाच्या यादीतलाच असेल आणि त्यावर दोन वेगळ्या माणसांच्या किल्लीची सही लागेल, एक कारखानदारांकडची, एक बचत गटाकडची. मोकळा मजकूर सगळ्यांना पाठवायची सोयच नाही. निरोप किती टप्पे पुढे जाईल यालाही हद्द आहे.

दोन सह्यांमुळे निरोपाला उशीर होतो. रात्री दुसरी सही करणारं माणूस झोपलेलं असतं. पाण्याच्या निरोपासाठी म्हणून प्रत्येक बाजूला पाळीनं जागणाऱ्या दोघी-तिघी ठरवल्या गेल्या. इथे मोकळ्या वेळाचा मुद्दा येतो: हे काम बायकांच्याच अंगावर पडलं, विड्या वळून थकलेल्या बायकांच्या. बचत गटानं त्यासाठी मानधन मागितलं आणि कारखानदारांनी ते मान्य केलं, ही या प्रकरणातली मला सगळ्यात समाधानाची गोष्ट वाटते. स्वयंसेवेवर चालणाऱ्या बऱ्याच नेटवर्कांचा कणा मोडतो तो इथेच. यंत्राचा खर्च सगळे मोजतात, जागरणाचा कोणी मोजत नाही.

टेंपोतून डेटा

चादरीच्या डिझाइनचे फोटो आणि जेकार्डच्या (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या) फाइली ठेंगण्या गच्चीमुळे सगळीकडे जात नव्हत्या. पण एमआयडीसीतून बीम आणि सूत घेऊन येणारा टेंपो दिवसातून दोनदा प्रत्येक शेडच्या दारात उभा राहतो. त्यात एक छोटी वायफाय पेटी बसवली. दारात आला की फाइली घेतो, पुढच्या दारात देतो. कर्नाटकातल्या खेड्यांत बसवर वायफाय बसवून असाच प्रयोग डाकनेट नावानं झाला होता. आकाशयानांसाठी आखलेली, उशीर गृहीत धरणारी जी नेटवर्क पद्धत २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तिचंही तत्त्व हेच: रस्ता आत्ता नसेल तर निरोप जपून ठेवा, रस्ता मिळाला की पुढे द्या. ६४ गिगाबाइटचं कार्ड चार तासांत पोचलं तर सरासरी वेग सेकंदाला ३५ मेगाबिट पडतो. गल्लीतल्या ब्रॉडबँडला लाजवेल असा. फक्त पहिला बिट यायला चार तास लागतात. डिझाइनला ते चालतं.

पुण्यातला मुलगा

सगळ्यात अवघड आक्षेप शेवटी आला. एका ताईंनी विचारलं, “माझा मुलगा पुण्याला असतो. त्याला निरोप जात नसेल तर मी ही पेटी कशाला ठेवू?”

बाहेरच्या इंटरनेटला दार ठेवलं तर हे नेटवर्क त्याचीच एक गल्ली होतं. लोक सगळं तिकडूनच करतात, आतला थर ओस पडतो आणि अडचणीच्या दिवशी त्याची देखभाल झालेली नसते. शिवाय इंटरनेट घेऊन शेजाऱ्यांना विकायचं तर परवान्याचा विषय येतो. दार ठेवलं नाही तर ताईंचं घर येतच नाही. क्यूबातल्या हवाना शहरातलं एसनेट हे रस्त्यावरचं नेटवर्क वर्षानुवर्षं इंटरनेटशिवाय चाललं आणि फार मोठं झालं. पण तिथे बाहेरचं नेट बहुतेकांना मिळतच नव्हतं. २०१९ मध्ये नवे सरकारी नियम आल्यावर ते सरकारी संगणक केंद्रांच्या जाळ्यात सामावून घेतलं गेलं. सोलापुरात प्रत्येकाच्या खिशात बऱ्याच वेळा चालणारं इंटरनेट आहेच. त्याच्याशी स्पर्धा करणारं काही बांधणं व्यर्थ होतं.

म्हणून एक अरुंद दार ठेवलं: सभागृहातल्या पेटीतून, नेट असेल तेव्हा, ठरावीक निरोप बाहेरच्या ठरावीक माणसाला जातो. ‘आम्ही ठीक आहोत’, ‘फोन कर’, ‘दवाखान्यात आहोत’. बाहेरून आत काही येत नाही. ताईंनी पेटी घेतली. मुलानं उत्तर दिलेलं त्यांना कळत नाही, म्हणून त्या अर्ध्याच खूष आहेत आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. बाहेरून आत येणारं दार उघडलं तर जाहिराती आणि अफवा त्याच वाटेनं येतील, या भीतीनं गटातले बाकीचे अजून तयार नाहीत. माझं मत असं की घरच्या माणसांची खूण आधीच घेतलेली असेल तर एक अंकी उत्तर आत येऊ द्यावं. यावर अजून एकमत नाही.

सध्या नेटवर्क चालू आहे ते लोराचा थर, तीन गच्च्या आणि एक टेंपो यांवर. वायफायचा थर वीज गेली की चार तासांत बंद पडतो आणि ते मान्य करूनच बांधला आहे. गच्चीचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही: दोन कारखानदारांपैकी एकांची इमारत उद्या विकली गेली तर नवा मालक पेटी ठेवेलच असं नाही. त्यावर आमच्या डोळ्यासमोर एकच चांगली जागा आहे, वस्तीतली पाण्याची उंच टाकी. ती कोणा एकाची नाही, तिच्यावरून कामगारांच्या त्या दहा घरांनाही वायफायचा दुवा सरळ दिसतो आणि पाणी सोडणारा माणूस तिथेच असतो, म्हणजे पाण्याच्या निरोपाची पहिली सहीही तिथेच होऊ शकते. टाकीवर अर्धा वॅटची एक पेटी, एक हातभर अँटेना आणि दहा वॅटचा एक संच एवढंच बसवायचं आहे. दोन्ही गटांच्या सह्यांचा अर्ज दिलेला आहे.